उक्तं घर

विट्यावरून खानापूरच्या किंवा आटपाडीच्या दिशेने निघालं की माळरान सुरू होतं. मधूनच एखादं गाव लागतं. गाव लहान, एस.टी.चा थांबा झाडाखाली, पण घरं पाहून नवखा माणूस चमकतो. दुमजली बंगले, दर्शनी भिंतीला ग्रॅनाइट, बाल्कनीला स्टीलचा कठडा, चौकटीवर गणपती आणि फाटकाला कुलूप. पारावर चौकशी केली तर उत्तर ठरलेलं असतं, "मालक गलाईला हायत. यात्रेला येत्यात."

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, हीण काढून शुद्ध धातू वेगळा करण्याचा धंदा. खानापूर-आटपाडी, तासगाव-कवठे महांकाळ आणि साताऱ्याकडचा माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी केरळपासून पंजाबपर्यंत आणि गुजरातपासून आसामपर्यंत पांगली. पोटापाण्याची सोय परमुलखात झाली, तरी घर मात्र गावातच हवं. यातले कितीतरी बंगले उभे राहताना मालकाने पाहिलेलेच नाहीत. नकाशा फोनवर पसंत केला, पैसे खात्यावर पाठवले, भिंती चढल्याचे फोटो आले आणि मालक आला तो थेट वास्तुशांतीला. फोनवर 'स्लॅब पडला' असं ऐकून परक्याच्या काळजात धस्स व्हावं. पण आपल्याकडे स्लॅब 'पडतो' तो नीट घातल्यावरच, आणि त्या दिवशी कामगारांना जेवण द्यायचं असतं.

अशा बांधकामाला हल्ली टर्नकी म्हणतात. सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांच्या नव्या वसाहतींत शिरलं की त्याच अर्थाचे फलक दिसतात. जागा तेवढी तुमची, बाकी नकाशापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं आमच्याकडे, शेवटी किल्ली घ्या आणि राहायला या. ऐकायला हे अगदी आजचं वाटतं. पण मालकाने अंग न हलवता घर बांधून घेण्याची चाल या मुलखात जुनी आहे. तिची वंशावळ काढली तर ती गडांपर्यंत जाते, आणि वाटेत एक माणूस गळून पडलेला सापडतो.

शब्दांची मुळं

आधी शब्द पाहू. इंग्रजीत 'टर्नकी' हा मुळात तुरुंगातला किल्लीवाला, म्हणजे कैद्यांच्या दाराला कुलूप घालणारा. घराच्या दाराशी हा शब्द फार उशिरा आला. आपल्याकडचे शब्द आणखी लांबून आले. 'कंत्राट' पोर्तुगीज, त्या कंत्राटातलं काम करणारा 'मेस्त्री' पोर्तुगीज, त्याच्या हाताखालच्या माणसाच्या डोक्यावरचं 'घमेलं' पोर्तुगीज, भिंतीला पाणी मारायची 'बादली' पोर्तुगीज आणि शेवटी मालकाच्या हातात पडणारी 'चावी'ही पोर्तुगीजच. कंत्राटदाराने मेस्त्रीकडून घर बांधून घेऊन चावी दिली, एवढ्या एका साध्या वाक्यात तीन शब्द गोव्या-वसईच्या किनाऱ्यावरून चढून आलेले आहेत. 'मक्ता' आणि 'इमारत' हे अरबी, 'दिवाणखाना' फारसी.

पण शेतकऱ्याच्या तोंडचा खरा शब्द आहे 'उक्तं'. रोजाच्या उलट ते उक्तं. भांगलण उक्ती देतात, विहिरीची खोदाई उक्ती देतात, घराचा पाया उक्ता देतात. सगळ्या कामाची एकदाच किंमत ठरवायची, मग तो दहा माणसं लावो की दोन. यालाच 'काम अंगावर देणं' असंही म्हणतात. जबाबदारी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेली, हे त्या शब्दातच आलं. रोजानं दिलेलं काम सरत नाही आणि उक्तं दिलेलं काम टिकत नाही, अशी दोन्हीकडची तक्रार जुनीच. टर्नकी म्हणजे अख्खं घरच उक्तं देणं.

गड, वाडा आणि कारभारी

सातारा जिल्ह्यातला प्रतापगड शिवाजी महाराजांनी १६५६च्या सुमारास बांधायला घेतला, तो मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली. रायगडाच्या बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचं नाव जोडलेलं आहे. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर त्यांनी आपलं नाव कोरून ठेवलं, ते आजही वाचता येतं. राजा मोहिमेवर आणि गड चढतोय, असं हे काम. इथे बांधणारे पाथरवट, सुतार, लोहार वेगळे आणि राजाच्या वतीने त्यांच्याकडून काम करून घेणारा वेगळा. या वेगळेपणाकडे आधी लक्ष द्यायला हवं.

राहत्या घराचं उदाहरण हवं असेल तर वाईजवळच्या मेणवलीला जावं. नाना फडणवीसांचा जन्म साताऱ्याचा, १७४२ सालचा. मेणवली गाव त्यांना १७६८ मध्ये मिळालं आणि तिथे कृष्णाकाठी त्यांनी सहा चौकांचा वाडा, घाट आणि मंदिरं उभी केली. पण नानांचं सगळं आयुष्य पुण्याच्या कारभारात गेलं. पेशव्यांच्या दरबारातल्या माणसाला खंबाटकीचा घाट ओलांडून रोज चुन्याच्या घाणीवर उभं राहणं शक्य नव्हतं. असलं घर कारभारी आणि कारकुनांच्या डोळ्यांनीच पाहायचं असतं. वाड्यालगतच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयात पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या त्यांतली ही एक. शब्दांबरोबर एक वस्तूही त्याच वाटेने इथे पोचली.

या बड्या घरांत एक त्रिकूट कायम दिसतं. एक मालक, एक काम करणारा आणि एक मालकाच्या वतीने काम पाहणारा. पाहणाऱ्याचा पगार मालकाकडून येई, करणाऱ्याकडून नव्हे. मालक शंभर कोसांवर असला तरी चालून जाई, ते या तिसऱ्या माणसामुळे.

घरधनी ओट्यावर

सामान्य रयतेला कारभारी परवडत नव्हता. तिथे घरधनीच पाहणारा, आणि बऱ्याच अंशी करणाराही. घर बांधायचं ठरलं की आधी लाकूड. बांधावरची बाभूळ, जांभूळ, जमलं तर सागवान. तोडून, सोलून ते दोन-दोन पावसाळे वाळत पडायचं. मग पांढरी माती, दगड, चुनकळी. गावगाड्यात सुताराला बलुतं मिळे ते नांगर-कुळवाच्या कामाबद्दल. घराच्या कामाचा हिशेब निराळा. गवंडी आणि सुतार रोजावर, तोही दोन तऱ्हेचा. दुपारची भाकरी घालून द्यायचा तो एक आणि नुसता पैशांतला तो 'कोरडा'. दगड फोडायला आणि पाया खोदायला वडार मंडळी. आढं चढवायच्या दिवशी मात्र सगळी आळी हजर, कारण ते काम पैशांनी होत नसे, सावडीने होई.

अशा घरात मालक नसणं शक्यच नव्हतं. खण किती, देव्हारा कुठे, बैलांचा गोठा कुठल्या अंगाला, पावसाचं पाणी कुठून वाहतं, हे कागदावर नव्हतंच. मालक ओट्यावर बसून सांगायचा आणि गवंडी ओळंबा सोडून भिंत चढवायचा. चूक झाली तर तिथेच वाद, तिथेच दुरुस्ती. घर पुरं व्हायला कधी कधी पाच-सहा वर्षं लागत. अर्धा सोपा या वर्षी, माडी पुढच्या सुगीला. ही रीत गोड करून सांगायचं कारण नाही. त्यात कर्ज होतं, घरच्या बायकांवर वीस-वीस माणसांच्या भाकऱ्यांचं ओझं होतं आणि गवंडी रुसला तर महिनाभर भिंत तशीच राहायची. उक्त्या कामाचं आकर्षण या दमणुकीतून आलं, ते समजण्यासारखं आहे.

मोजमाप वही

इंग्रजी अमलात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खातं सुरू झालं आणि १८७२ मध्ये कराराचा कायदा आला. पूल, रस्ते, कचेऱ्या, डाकबंगले टेंडरावर निघू लागले. 'ठेकेदार' हा नवा माणूस जिल्ह्याच्या गावी दिसू लागला. सरकारी कामाच्या टेंडराचे नमुने आजही या भागातल्या ठेकेदारांच्या तोंडी असतात. बी-१ म्हणजे अंदाजपत्रकावर टक्क्याने कमी-जास्त भरायचा दर, बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीचा वेगळा दर आणि सी म्हणजे एकरकमी, म्हणजे उक्तं.

पण साहेबाने ठेकेदारावर कधीच सगळं सोडलं नाही. त्याने तिसरा माणूस कागदावर पक्का केला. तो ओव्हरसियर. त्याच्या हातातली मोजमाप वही, जिला सगळे 'एमबी' म्हणतात, हीच बिलाची आई. खोदाई किती, दगडकाम किती, गिलावा किती, हे टेप लावून वहीत चढल्याशिवाय पैसा निघत नाही आणि खालच्याने लिहिलेलं वरच्याने तपासायचं असतं. या वहीभोवती काय काय चालतं हे सांगायला नको. तरीही तत्त्व साफ आहे. ज्याने बांधलं त्यानेच ते बरोबर असल्याचं सांगायचं नाही.

तयार घराची दुसरी वाट कारखान्यातून आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. जमीन आणि कर्ज औंधच्या संस्थानिकांनी दिलं. वसाहतीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा पाहत. इथल्या कामगाराने आपल्या खोलीचा पाया खोदला नव्हता की आढं चढवलं नव्हतं. त्याने फक्त दार उघडलं. शेतकऱ्याच्या पोरासाठी ही नवी गोष्ट होती. घर बांधायचं नसतं, मिळतं, ही कल्पना गिरणीच्या चाळी, साखर कारखान्यांच्या कॉलन्या आणि सरकारी क्वार्टर्समधूनही पसरत गेली.

मनीऑर्डर आणि परमिट

मालक गावात नाही आणि घर उभं राहतंय, ही गोष्ट सामान्य माणसाच्या घरी आली ती मनीऑर्डरबरोबर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावामागे 'मिलिटरी' लागलं ते असंच. पलटणीतला जवान, मुंबईत गिरणीत किंवा गोदीत खपणारा पाटण-जावळीचा माणूस, आणि मग विट्याचा गलाईवाला, तिघांची गत एकच. पैसा तिकडे, जमीन इकडे. भिंत चढताना पाहणारे डोळे कुणाचे? म्हाताऱ्या वडिलांचे, थोरल्या भावाचे आणि बहुतेक वेळा घरच्या बाईचे. खर्चाची वही ती ठेवायची, गवंड्याशी हुज्जत ती घालायची आणि पत्रातून तिकडे कळवायची. कारभारी हा पगारी माणूस होता, त्याची जागा आता घरच्या माणसाने बिनपगारी घेतली.

याच काळात एक अडसर होता, जो आज विस्मरणात गेला आहे. सिमेंट खुल्या बाजारात मिळत नव्हतं. ते नियंत्रित होतं आणि घर बांधणाऱ्याला परमिटासाठी अर्ज करून कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. पंचवीस पोती मिळाली तर पंचवीस पोत्यांपुरतंच काम. म्हणून मजुरी उक्ती देता यायची, पण माल मालकालाच आणावा लागायचा. मेस्त्री 'लेबर रेट'ने काम घेई आणि वाळू, खडी, सिमेंट, लोखंड मालकाच्या गळ्यात. महाराष्ट्रात तर सिमेंटवाटपाच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालं आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. आता कंत्राटदार पोती कुठूनही आणू शकत होता. 'मटेरियलसकट' हा शब्द घराच्या बोलण्यात आला तो या मोकळिकीमुळे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या एचडीएफसीसारख्या संस्थांनी गृहकर्जाची सवय लावली. जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब झाला की दुसरा. माल खुला झाला, पैसा टप्प्याने मिळू लागला आणि अख्खं घर उक्तं देण्याची वाट मोकळी झाली.

दोन भूकंप

मधल्या काळात जमीन दोनदा बोलली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पिढ्यान्‌पिढ्या गवंड्याने ओळंब्यावर बांधलेली भिंत उभी राहते, पण हलली की टिकत नाही, हे पाटणच्या खोऱ्याने पाहिलं. १९७०च्या सुधारित भूकंप-नकाशात कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. कॉलम, बीम, सळई ही भाषा गावात शिरली. घराची ताकद आता भिंतीत दिसेनाशी झाली, ती काँक्रीटच्या पोटात गेली. मालक ओट्यावर बसून भिंत पाहू शकत होता, पण कॉलमच्या आत किती सळई आहे आणि तिच्यावर किती इंच काँक्रीट आहे, हे काम झाल्यावर कुणालाच दिसत नाही. मालक अडाणी ठरला तो इथे. आपल्यापेक्षा ठेकेदाराला जास्त कळतं, असं तो म्हणू लागला आणि ते खरंही होतं.

दुसरा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, किल्लारीचा. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढे जे बांधकाम झालं, त्याने मालकाविना घराची जणू परीक्षाच घेतली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तिथली घरं ठेकेदारांनी बांधली आणि किल्ल्या वाटल्या. रांगेत आखलेले प्लॉट, सरळ रस्ते, एकसारखी घरं. वाड्यात राहणाऱ्या, गल्लीबोळात वावरणाऱ्या शेतकऱ्याला ते घर शहरातल्या कॉलनीसारखं वाटलं. जनावरं कुठे बांधायची, कणगी कुठे ठेवायची, ओटा कुठे? कुणी पत्र्याची पडवी काढली, कुणी स्वतःच्या हाताने भिंत घातली. याउलट ज्या गावांत घरं पडली नव्हती, फक्त तडकली होती, तिथे सरकारने पैसा हप्त्याने मालकाला दिला आणि दुरुस्ती-मजबुतीचं काम त्याच्याकडे ठेवलं. त्या गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं. कोपऱ्यात सळई कशी वळवायची, भिंतीत आडवा दगड का घालायचा, हे त्या शिकल्या आणि दारोदार सांगत फिरल्या. तिसरा माणूस इथे परत आला आणि या खेपेला तो नऊवारीत होता.

असाच विचार सरकारच्या घरकुलाच्या नियमांतही दिसतो. इंदिरा आवास योजनेत ठेकेदाराला मज्जाव होता आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही तो आहे. घर लाभार्थ्यानेच बांधायचं, टप्प्याटप्प्याने जागेच्या खुणेसह फोटो काढायचा आणि मग हप्ता. म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही त्याने घराकडे लक्ष द्यायलाच हवं असं सरकार म्हणतं, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो लक्ष न देण्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो.

चौरस फुटाचा भाव

आता आजचा करार जवळून पाहू. बहुतेक वेळा तो पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर चार-पाच पानी असतो. सगळा भाव चौरस फुटावर. पहिला प्रश्न तिथेच यायला हवा की चौरस फूट कशाचा? भिंतीच्या आतला, की स्लॅबचा, की जिना आणि पोर्च धरून? एकाच घराचं क्षेत्र या तीन पद्धतींनी तीन तऱ्हेचं निघतं. दुसरं, मालाच्या यादीत नामवंत कंपनीच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असे दोन शब्द असतात आणि ठेकेदाराचा नफा बहुधा त्या दोन शब्दांत राहतो. तिसरं, यादीत काय नाही ते. कंपाउंड, बोअर, पाण्याची जमिनीतली टाकी, वीजजोडणी, नकाशाची मंजुरी. 'पूर्ण' घराच्या बाहेर पडलेल्या या गोष्टी नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून परत येतात.

ढोबळ हिशेब कुणालाही करता येतो. हजार चौरस फुटांच्या काँक्रीटच्या घराला साधारण चारशे पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार टन सळई लागते. वाळू-खडी ब्रासात मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. भाव फारच कमी आला तर तो कशातून कमी झाला, हे या आकड्यांशी ताडून पाहता येतं.

पण पैशात न बसणारी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे पाणी. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते ओलं राहून घट्ट होतं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि हल्ली सर्रास येणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस सतत ओलावा हवा, कोरड्या उन्हात त्याहून जास्त. म्हणून स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरतात, कॉलमला गोणपाट गुंडाळतात. जुन्या रीतीत हे काम घरच्यांचं होतं. सकाळी शाळेत जाण्याआधी पोरांनी भिंतींना पाणी मारायचं, संध्याकाळी म्हातारीने बादली घेऊन शिडी चढायची. मजूर सहाला घरी जायचा, मालक मात्र रात्री पुन्हा एकदा नळी धरायचा. उक्त्या घरात या पाण्याला वाली नसतो. मार्चच्या उन्हात टँकर महाग, पुढचं काम खोळंबलेलं, तेव्हा सातातले चार दिवस गळतात आणि चार वर्षांनी गिलाव्यावर बारीक रेषा उमटतात. त्या वेळी ठेकेदार तिसऱ्याच वसाहतीत असतो.

तीच गोष्ट जोत्याच्या उंचीची. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरतं आणि कुठे शेवटी, हे जुन्या रहिवाशाला ठाऊक असतं. ते नकाशात नसतं आणि परगावच्या ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात तर नसतंच. घरमालक जागेवर असता तर शेजारच्या आजोबांनी भिंतीवरची २००५च्या पुराची रेघ दाखवून त्याला दोन फूट भर घालायला लावली असती.

कायद्याने मालकाला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३च्या दुरुस्तीने घरबांधणी ही 'सेवा' ठरली, म्हणजे सदोष कामाबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण २०१६चा रेरा कायदा प्रकल्प विकणाऱ्या बिल्डरसाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःचं एक घर उक्तं दिलेल्या माणसाला त्याचा आधार मिळत नाही. त्याचा खरा आधार तो चार पानी करारच. म्हणून त्या चार पानांत काय लिहिलंय हे घरातल्या फरशीच्या रंगापेक्षा महत्त्वाचं.

तिसरा माणूस

आता वंशावळ उलटी वाचून पाहा. प्रतापगडाला मोरोपंत होते, मेणवलीच्या नानांना कारभारी होते, साहेबाच्या पुलाला ओव्हरसियर होता, गिरणी कामगाराला घरची बाई होती, किल्लारीला संवाद सहायक होत्या. मालक गैरहजर असणं ही नवी गोष्ट नाही आणि तो गुन्हाही नाही. नोकरी, धंदा, परदेश, आजारपण, कारणं खरी असतात. टर्नकी घराने मालकाला घालवलं नाही, तो आधीच गेलेला होता. टर्नकीने घालवलं ते पाहणाऱ्याला. ज्याने बांधायचं त्यानेच तपासायचं आणि त्यानेच फोटो पाठवायचे, असं हे काम झालं. फोटोत कॉलम सरळ दिसतो. आतली सळई फोटोत दिसत नाही.

यातला सगळ्यात चटका लावणारा विरोधाभास पुन्हा त्या विट्याच्या माळावर आहे. ज्या माणसाचं पोट दुसऱ्याच्या सोन्यातलं हीण ओळखण्यावर चालतं, ज्याच्यासमोर सराफ शुद्धतेचा शब्द मागतो, तोच आयुष्यभराची कमाई कस न लावता भिंतींत ओततो.

तेव्हा घर उक्तं द्यायला हरकत नाही. रोजाच्या कटकटीतून सुटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण कंत्राटदाराशी ज्याचा पैशाचा संबंध नाही असा एखादा अभियंता वेगळी फी देऊन नेमा आणि त्याने सही केल्याशिवाय हप्ता सुटणार नाही, हे करारात लिहून घ्या. पाया भरण्याआधी, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर आणि गिलाव्याआधी, अशा तीन वेळा त्याने जागेवर उभं राहायचं. काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून आलेला कागद त्याने तुम्हाला पाठवायचा. आणि पाणी मारायला शेजारच्या एखाद्या माणसाला महिन्याचे पैसे तुम्ही स्वतः द्या, ठेकेदारामार्फत नको. एवढं केलंत तर वास्तुशांतीला आलात तरी चालेल.